कोंबडा वेगळा ठेवायचा तर जाळीपलीकडे ठेवा, नजरेआड नको

दादा, तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात धायरीला बंगल्याच्या मागे 6 कोंबड्या, त्यात 4 गावरान आणि 2 कावेरी जातीच्या, कोंबडा एकच, 10 महिन्यांचा, गिरिराज या जड जातीचा. तीन गावरान कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्यात, कोंबडा पहाटे चारला आरवतो म्हणून शेजारच्या काकूंनी दोनदा सांगून झालंय, आणि दिवाळीनंतर पिल्लं काढायची आहेत म्हणून तो कुणाला द्यायचाही नाहीये. मग त्याला वेगळा ठेवावा का, फक्त रात्री की कायमचा, अंडी बंद होतील का, आणि परत कधी सोडायचा, असं तुम्ही विचारलंय. मी पिरंगुटच्या बाजूला गेली 16 वर्षं कोंबड्या पाळतेय, सध्या पन्नासेक पक्षी आहेत आणि त्यातला कुठला ना कुठला कोंबडा कायम वेगळा असतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पण बाकीचं वाचायच्या आधी एक काम करा. आज अंधार पडला की टॉर्च घेऊन खुराड्यात जा, रात्री कोंबड्या गप धरता येतात, तिघींना एकेक करून काखेत घ्या आणि नुसती पाठ बघू नका, पंख उचलून बघा. पंखाच्या खाली, बरगडीच्या बाजूला. कोंबडा चढताना पाय घसरला की त्याची नखं आणि पायाचा काटा तिथे लागतो, कातडी चक्क फाटते आणि वरून पंख मिटलेला असल्यामुळे काहीच दिसत नाही. माझी एक कवडी कोंबडी होती, पाठीवर बोटभर जागा उघडी, मला वाटलं एवढं काय त्यात. आषाढातले दिवस, सगळं ओलं. चार दिवसांनी ती कोपऱ्यात बसायला लागली, जवळ गेले तर वास आला, पंख उचलला तर हाताच्या बोटाएवढी लांब जखम आणि आत अळ्या. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक काढली, कोंबडी जगली पण नंतर कधी नीट अंड्यावर आली नाही. तेव्हापासून पाठ उघडी दिसली की मी पहिल्यांदा पंख उचलते. साधी जखम असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, बीटाडीन लावा आणि ती कोंबडी कोरड्या जागी वेगळी ठेवा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याच तिला टोचून टोचून मारतात. खोल असेल किंवा अळ्या दिसल्या तर घरी प्रयोग नकोत, सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या.

आता पाठी कोंबड्यानेच उघड्या केल्यात का, हेही पक्कं करून घ्या. मानेच्या मागची पिसं गेली असतील आणि दोन पंखांच्या मधली पाठ उघडी असेल तर तो कोंबडाच, कारण तो चोचीने मानेची पिसं धरतो आणि पाठीवर पाय रोवतो. पण शेपटीच्या बुडाशी किंवा खाली पोटाकडे टक्कल असेल तर बहुतेक कोंबड्याच एकमेकींची पिसं टोचतायत, आणि ते जागा कमी पडली, उवा-पिसवा झाल्या किंवा खाण्यात प्रोटीन कमी पडलं की होतं. आपल्याकडे घरच्या कोंबड्यांना शिळी पोळी, उरलेला भात असं भरपूर जातं, कोंबडी आवडीने खाते, पोट भरतं आणि मग प्रोटीन असलेलं विकतचं खाद्य शिल्लक राहतं. पोळी-भात बंद करा असं नाही म्हणत, पण आधी खाद्य आणि मग संध्याकाळी मूठभर बाकीचं. असा प्रकार असेल तर कोंबडा वेगळा करून काहीही फरक पडणार नाही.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला कोंबडाच वाटतोय आणि त्यात त्याचा दोष थोडा, जोडी जुळवण्याचा जास्त. गिरिराज नर चांगला वाढला की साडेतीन-चार किलोला सहज जातो आणि गावरान कोंबडी असते सव्वा-दीड किलोची. एवढं वजन रोज पाठीवर आलं तर पिसं राहणार कशी. त्यातून कोंबडा 10 महिन्यांचा, म्हणजे ऐन जोशातला आणि अजून अंदाज न आलेला, वर्ष-दीड वर्षाचा झाला की बरेचसे शांत होतात. आणि 6 कोंबड्यांना एक कोंबडा हे प्रमाणही जरा टाइट आहे, 8 ते 10 कोंबड्यांमागे एक हे साधारण बरं पडतं, हलक्या जातीत त्याहून जास्तही चालतात. शिवाय कोंबड्याच्या आवडीनिवडी असतात, जी कोंबडी तो जवळ आला की लगेच बसते तिच्याकडे तो परत परत जातो. म्हणून तिघींच्याच पाठी गेल्यात आणि बाकीच्या तिघी धडधाकट आहेत.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की कोंबड्याला एकटा कशाला ठेवता, सोबत दोन कोंबड्या द्या. हे अजिबात करू नका. सहा जणींमध्ये वाटला जाणारा त्रास मग दोघींवर येतो आणि पंधरा दिवसांत त्यांच्या पाठी आधीच्या तिघींपेक्षा वाईट होतात.

अंड्यांचं आधी सांगते म्हणजे तुमची काळजी मिटेल. कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही. एक अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात आणि ते चक्र उजेडावर, खाद्यावर आणि तिच्या वयावर चालतं, कोंबड्यावर नाही. जागा बदलली, गडबड झाली तर दोन-चार दिवस अंडी कमी होतील एवढंच. उलट कोंबड्याच्या भीतीने लपून बसणाऱ्या, खाद्यापर्यंत न येणाऱ्या कोंबड्या तो गेल्यावर पोटभर खातात आणि अंडी वाढतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. कोंबडा फक्त पिल्लांसाठी लागतो.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते आणि तुमचं सगळं कोडं त्यातच सुटतं. कोंबडीच्या पोटात अंडनलिकेजवळ बारीक बारीक नळ्या असतात, त्यात कोंबड्याचं बीज साठून राहतं आणि रोजच्या अंड्याला थोडं थोडं मिळत जातं. म्हणून कोंबडा काढल्यावरही आठवडाभर तर अंडी चांगली फळलेली येतात, मग कमी होत जातात आणि साधारण 3 आठवड्यांत संपतात. मोठ्या ब्रीडर फार्मवर कृत्रिम रेतन करतात तेही रोज नाही करत, आठवड्याला एकदाच्या आसपास करतात, ते याच जोरावर. म्हणजे पिल्लं काढायची असली तरी कोंबडा रोज कोंबड्यांत असायची काहीच गरज नाही! माझ्याकडे ज्या गटातून अंडी बसवायची असतात तिथे कोंबडा बुधवार आणि रविवार असे दोनच दिवस सोडते, बाकी पाच दिवस तो जाळीपलीकडे. अंडी बसवल्यावर सातव्या दिवशी टॉर्चवर बघते तेव्हा रिकामी निघणारी अंडी काही जास्त नसतात. तुम्हाला दिवाळीनंतर पिल्लं हवीत ना, मग आत्ता तो वेगळा राहू दे, पाठी भरू देत, आणि अंडी गोळा करायला लागायच्या आठवडाभर आधी दोन-दोन दिवस सोडायला सुरुवात करा.

खायच्या अंड्यांसाठीही हे बरंच पडतं, विशेषतः उन्हाळ्यात. फळलेलं अंडं खायला वाईट असतं असं मुळीच नाही, ताजं असेल तर चवीत काही फरक नाही. पण गर्भाची वाढ थांबून राहायला तापमान साधारण 20-21 डिग्रीच्या खाली लागतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर 39-40 आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, अशात टोपलीत ठेवलेलं अंडं अर्धवट वाढायला लागतं, मग मरतं आणि सडतं. मग लोक म्हणतात गावरान अंडी टिकत नाहीत. कोंबड्याविना आलेली अंडी त्याच टोपलीत कितीतरी जास्त टिकतात. मी मार्चपासूनच खायच्या अंड्यांच्या गटातून कोंबडे काढून घेते.

बरं, आता फक्त रात्री की कायमचा. फक्त रात्री वेगळा ठेवून पाठी भरणार नाहीत, कारण अंधारात तो काही करतच नाही. त्याचा जोर असतो सकाळी खुराडं उघडल्या उघडल्या आणि मुख्य म्हणजे दुपार कलल्यावर, चार-पाच ते अंधार पडेपर्यंत. त्यामुळे अगदीच दिवसभराची सोय नसेल तर निदान तो वेळ तरी वेगळा ठेवा, म्हणजे सकाळी कोंबड्या आधी सोडा, त्यांचं खाणं-पाणी-अंडी होऊ देत, दहा-अकराला त्याला सोडा आणि साडेतीनला दाणे दाखवून आत घ्या. पण तुमच्या तिघींची अवस्था बघता सुरुवातीला मी पूर्णच वेगळा करेन.

वेगळा म्हणजे कसा, यात मी स्वतः मोठी चूक केलीय. सुरुवातीच्या वर्षांत एक तांबडा कोंबडा फार त्रास देतो म्हणून उचलला आणि घराच्या पार पलीकडच्या बाजूला, कोंबड्या दिसणार नाहीत असा ठेवला. महिन्याने आणून सरळ सोडला. तेवढ्यात कोंबड्यांची त्यांची त्यांची उतरंड लागली होती, थोरली कोंबडी मालकीण झालेली, तिने त्याला परका समजून अंगावर घेतलं, तो बिथरला आणि मग त्याने दिसेल तिला झोडपलं, एका तलंगेचा, म्हणजे तरुण कोंबडीचा, तुरा फाडला. कोंबड्या काही त्याला विसरल्या असतील असं नाही, पण त्याची जागा भरली गेली होती. तेव्हापासून माझा नियम, कोंबडा वेगळा करायचा तर जाळीपलीकडे, नजरेआड नाही. मधे फक्त जाळी. त्याला कोंबड्या दिसतात, त्यांना तो दिसतो, दाणा सापडला की तो तिथूनच कुटकुट करून बोलावतो आणि त्या जाळीपाशी जाऊन बसतात. पहिले तीन-चार दिवस तो जाळीला लागून फेऱ्या मारेल, ओरडेल, आपल्याला वाईट वाटतं, पण मग शांत होतो.

एका कोंबड्याला 4 बाय 6 फूट जागा पुरते, उंची उभं राहून साफ करता येईल इतकी. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, ती षटकोनी पातळ जाळी नको, ती कोंबडी आत ठेवते पण मुंगूस आणि बोका बाहेर ठेवत नाही. वर पत्रा, पश्चिमेच्या बाजूला ग्रीन नेट, नाहीतर दुपारच्या उन्हात धाप लागून मरेल. बसायची दांडी फूट-दीड फुटावरच ठेवा, गिरिराज जड असतो, उंचावरून रोज उडी मारली की तळपाय सुजतात. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि थोडी चुलीची राख, त्यात तो लोळतो, उवा कमी राहतात. आणि एक, त्याला कोंबड्यांचा लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, नराला साधारण एक टक्का पुरतं, वर्षानुवर्षं जास्त गेलं तर किडनीवर येतं. वेगळा ठेवल्याचा हा एक फायदाच, त्याला ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य आणि थोडी ज्वारी-मका असं देता येतं. तुम्ही पुढे दुसरा कोंबडा आणलात तर मात्र दोघांच्या मधल्या भिंतीला खालून दोन फूट पत्रा किंवा प्लाय लावा, नुसत्या जाळीतून दोन कोंबडे एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात.

वेगळा आहे तोवरच त्याची नखं आणि काटे बघून घ्या. रात्री धरा, टॉवेलात गुंडाळा, टॉर्चच्या उजेडात नखात रक्ताची रेघ दिसते ती सोडून पुढचं टोक कुत्र्याच्या नेलकटरने कापा. पायाचा काटा मात्र कापायचा नाही, आत हाड आणि रक्त असतं, फक्त टोक कानशीने घासून बोथट करायचं. रक्त आलंच तर हळद दाबून धरते मी. दहा मिनिटांचं काम आहे आणि अर्ध्या जखमा त्यानेच वाचतात. कोंबडीच्या पाठीवर बांधायचं कापडी जॅकेट मिळतं किंवा जुन्या जीन्सचं शिवता येतं, दोन्ही पंखांत इलॅस्टिक घालून, तेही चांगलं काम करतं. पण पावसाळ्यात ते ओलं राहतं आणि खाली उवा होतात, म्हणून मी ते फक्त कोरड्या दिवसांत आणि दर आठवड्याला काढून बघून वापरते.

आता काकूंचा प्रश्न, पहाटेचं आरवणं. इथे खरं सांगायला हवं की वेगळा केल्याने ते थांबणार नाही, पहिल्या आठवड्यात वाढेलच कदाचित. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आपण म्हणतो ना, तसंच कोंबडं झाकलं म्हणून त्याचं आरवणंही पूर्ण राहत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबड्याला पहाट त्याच्या शरीरातल्या घड्याळाने कळते, सतत मंद उजेडात ठेवला तरी तो वेळेवर आरवतो. उजेड आणि दुसऱ्या कोंबड्याचा आवाज हे त्यावर भर घालतात. म्हणून अंधाराने कमी होतं, बंद होत नाही. मी सुचवेन की रात्रीपुरता त्याला गॅरेजमध्ये किंवा काकूंच्या घरापासून लांबच्या खोलीत हवा खेळती असेल अशा मोठ्या खोक्यात ठेवा, खिडकीला गोणपाट, आणि सात वाजता बाहेर आणा. आवाज भिंतीत अडतो, बाहेरचा पहिला उजेड लागत नाही. मान वर करता येऊ नये म्हणून बुटक्या पेट्या आणि गळ्यात घट्ट पट्टे वापरतात लोक, ते मला पटत नाही, आपल्या उकाड्यात तर जीवच जाईल. आणि काकूंना स्वतः जाऊन सांगा की आम्ही हे हे करतोय. आवाजाच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ आहे, त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीये, आणि ऐकून घेतलं की माणसं सांभाळून घेतात.

कोंबडा नसताना कोंबड्यांकडे दोन गोष्टींसाठी लक्ष ठेवा. घार, शिक्रा, मांजर दिसलं की ओरडून सावध करणारा तोच असतो, तेव्हा त्या दिवसांत कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर कुणीतरी आसपास असू द्या. दुसरं म्हणजे एखादी थोरली कोंबडी मधेच कोंबड्यासारखी वागायला लागते, दुसरीवर चढते, क्वचित आरवतेसुद्धा. आपल्याकडे कोंबडी आरवली की अपशकुन म्हणून लगेच कापतात. कृपा करून तसं करू नका. कोंबडा नसल्याने तिने जागा घेतलेली असते, किंवा वय झालेली कोंबडी असेल तर तिच्या अंडाशयात काही बिघाड असतो. तिच्यामुळे घरावर काही येत नाही.

राहिलं परत कधी सोडायचा. यात लोक पाठीकडे बघून घाई करतात किंवा निराश होतात, म्हणून नीट सांगते. जे पीस मुळासकट उपटलं गेलंय ते लगेच नवीन यायला लागतं, महिना-दीड महिन्यात जागा झाकते. पण जे मधे तुटलंय आणि त्याचा दांडा कातडीत तसाच आहे, ते पुढच्या पीसगळतीपर्यंत येत नाही, शरीराला वाटतं पीस आहेच. हात फिरवून बघा, टोचणारे खुंट लागले तर ते तुटलेले. पावसाळा संपून दिवस लहान व्हायला लागले की बऱ्याच कोंबड्या पिसं गाळतात, तेव्हा ते खुंट पडतात. म्हणून महिन्याभरात पाठ तशीच दिसली तर वेगळं ठेवून उपयोग नाही झाला असं समजू नका, कातडी लाल जाऊन फिकी गुलाबी झाली, खरवडे नवीन येत नाहीत, म्हणजे उपयोग झालाय. ते खुंट कधी ओढून काढू नका.

आणि मग एक दिवस पाठीवर बारीक निळसर-काळे कोंब दिसायला लागतील, वरून पांढरं मेणासारखं आवरण. ते दिसले की आनंद होतो आणि माणूस कोंबडा सोडतो, तिथेच चुकतं. त्या कोंबांत रक्त भरलेलं असतं, एक जरी कोंब पायाखाली मोडला तरी रक्त वाहतं, कोंबडीला दुखतं आणि बाकीच्या टोचायला धावतात. आवरण सुटून पीस पिसासारखं पसरलं, पाठ पूर्ण झाकली, की मगच सोडा. पहिल्या दिवशी सकाळी, कोंबड्यांचं खाणं झाल्यावर, तीन-चार ठिकाणी दाणे टाकून, मोकळ्या अंगणात सोडा, खुराड्यात नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभे राहा. तो एक-दोघींवर चढेल ते चालायचंच, पण एकीच्याच मागे लागून तिला कोपऱ्यात कोंडत असेल तर लगेच उचला आणि आणखी आठवडाभर थांबा.